ठरलेला हप्ता, न ठरलेली कमाई

पगारदाराचे कर्ज आणि बेभरवशाच्या कमाईवरचे कर्ज कागदावर सारखेच दिसते. रक्कम, व्याज, हप्ता, तारीख. फरक तारखेत असतो. पगार एक तारखेला येतो म्हणून हप्ता पाच तारखेला लावलेला असतो. ज्याची कमाई कोणत्याच तारखेला बांधलेली नाही, काही महिने तर जवळजवळ येतच नाही, त्याच्या दारातही हप्ता पाच तारखेलाच उभा राहतो. त्या दिवशी खाते रिकामे असले की बाउन्सचा आकार लागतो, उशिराचा दंड लागतो आणि तो भरायला कुठून तरी उसनवारी होते. अशी घरे पहिल्या कर्जाने क्वचित बुडतात. त्यांना बुडवते ते पहिल्याचा हप्ता भरण्यासाठी काढलेले दुसरे आणि दुसऱ्यासाठी काढलेले तिसरे.

दिल्ली आणि भोवतालच्या नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद पट्ट्यात अशा कमाईच्या नाना तऱ्हा आहेत. हिवाळ्यात हवा बिघडली की ‘ग्रॅप’ या प्रदूषण-निर्बंध योजनेचा तिसरा-चौथा टप्पा लागू होतो, बांधकामे थांबतात, गवंडी आणि रंगारी घरी बसतात. त्याच निर्बंधांत बीएस-तीन पेट्रोल आणि बीएस-चार डिझेल मोटारीही उभ्या राहतात, म्हणजे अशी मोटार चालवणाऱ्या टॅक्सीवाल्याचाही हंगाम जातो. करोल बाग आणि चांदणी चौकातल्या मराठी गलाईवाल्यांचे वेळापत्रक वेगळे आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांतून निघून देशभरच्या सराफ बाजारांत पसरलेली ही माणसे जुने सोने-चांदी गाळतात, टंच काढतात, सोनारांच्या दुकानांतली धूळ विकत घेऊन तिच्यातले सोने वेगळे करतात. पितृपक्षात त्यांची भट्टी थंड असते. देवउठनी एकादशीनंतर लग्ने सुरू झाली की उसंत नसते. डिसेंबरच्या मध्याला खरमास लागला की संक्रांतीपर्यंत पुन्हा शुकशुकाट. ही अनिश्चितता निम्मीअधिक पंचांगात छापलेली असते, हे मात्र हप्ता लावताना कोणी पाहत नाही. पीककर्जाची फेड हंगामाला बांधलेली असते. शहरातल्या कारागिराला तशी सवलत सहसा मिळत नाही.

पुढच्या चर्चेसाठी अशाच एका गलाई कारागिराचे घर नमुना म्हणून घेतले आहे. घर आणि त्यावर वाद घालणारी दोन माणसे कल्पित आहेत. त्यांच्या तोंडी आलेले कायदे आणि नियम खरे. गेल्या १२ महिन्यांची कारागिराची कमाई ३,८४,००० रुपये, म्हणजे सरासरी महिना ३२,०००. पण नोव्हेंबरात ५८,००० आणि पितृपक्षाच्या महिन्यात १४,०००. तळातल्या तीन महिन्यांची सरासरी १७,०००. भाडे धरून घरखर्च २२,०००. देणी अशी :

बँकेचे वैयक्तिक कर्ज २,००,०००, व्याज १६ टक्के, ३६ हप्ते उरलेले, हप्ता ७,०३०.
सोनेतारण १,२०,०००, दरमहा नुसते व्याज १,२००.
क्रेडिट कार्ड ९०,०००, व्याज महिना साडेतीन टक्के, किमान भरणा ४,५००.
तीन ॲपांची मिळून ४५,०००, दरमहा ९,०००.
बायकोच्या नावे गटाचे कर्ज ४०,०००, दरमहा २,४००.
उचलून झालेल्या भिशीचे आठ हप्ते, प्रत्येकी ५,०००.
खासगी सावकाराचे ५०,०००, ‘पाच रुपये शेकडा’, दरमहा २,५००.
मेहुण्याचे हातउसने ६०,०००, बिनव्याजी.

एकूण ६,४५,०००. दरमहा मागणी ३१,६३०. घरखर्च काढून सरासरीने हाती उरतात १०,०००. ‘पाच रुपये शेकडा’ हा शब्द फसवा आहे. तो महिन्याचा दर असतो, वर्षाचा ६० टक्के होतो, आणि तरी ऐकताना बँकेच्या सोळापेक्षा लहान वाटतो.

वाद घालणाऱ्यांपैकी एक राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले शाखाधिकारी, मराठी मंडळींत ‘काका’. दुसरी तीस हजारी न्यायालयात वकिली करणारी आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या मदत केंद्रात बसणारी. काका तिला ‘वकीलबाई’ म्हणतात. काकांचे मत जुने आणि सरळ आहे : घेतले ते फेडायचे, पै न पै, महाग व्याजाचे आधी. वकीलबाईंचे म्हणणे असे की हाती १०,००० आणि मागणी ३१,६३० असताना कोणाला तरी थांबावेच लागणार. मग कोण थांबेल हे वसुलीचा फोन करणाऱ्याने का ठरवावे?

“आधी व्याजाची उतरंड लावा,” काका म्हणतात. “सावकार ६०, ॲपं, कार्ड ४२, मग गट, मग बँक, मग सोने. वरून सुरुवात करायची. गणितात भावना आणू नका.”

“काका, तुमची उतरंड पगारदाराला बरोबर आहे. इथं मी दुसरा प्रश्न विचारते. हप्ता चुकला तर समोरचा काय हिरावून नेऊ शकतो? घरमालक खोली काढून घेईल. ती गेली की धंदा गेला. सोनेतारणवाला नोटीस देऊन लिलाव करेल. कार्डवाला काय नेईल?”

“पत नेईल.”

“पतीवर भाकरी भाजत नाही.”

“उद्या मुलीच्या शिक्षणाला कर्ज लागलं की भाजते, वकीलबाई. पतअहवालातला थकबाकीचा डाग वर्षानुवर्षं दिसतो. मी टेबलाच्या पलीकडून तो कितीदा पाहिलाय.”

दोघांची उतरंड एका ठिकाणी जुळते : सावकार आणि ॲप दोन्हींत वर आहेत. कार्डाबद्दल गाठ सुटत नाही, म्हणून कार्डाचा हिशेब जवळून पाहावा लागतो. ९०,००० वर महिन्याचे व्याज ३,१५०. व्याजावर १८ टक्के जीएसटी ५६७. दोन्ही मिळून ३,७१७. किमान भरणा ४,५००, म्हणजे मुदलात पडतात ७८३ रुपये. महिन्याभरात त्याच कार्डावर एकदा किराणा भरला की तेवढेही पडत नाहीत. या दराला कायद्याची कमाल मर्यादा नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. किमान भरणा भरत राहणे याला फेडणे म्हणत नाहीत, यावर काका आणि वकीलबाई दोघेही ठाम आहेत. काकांचा तोडगा असा की खाते थकायच्या आत कार्डवाल्या बँकेला लिहून सगळी बाकी हप्त्यांत बदलून मागायची. १८ टक्क्यांनी ३६ महिने मिळाले तर हप्ता ३,२५४ होतो, म्हणजे किमान भरण्यापेक्षा कमी, आणि तिसऱ्या वर्षाअखेर कर्ज संपते.

हेच बँकेच्या कर्जाचे. उरलेले ३६ महिने वाढवून ६० केले तर त्याच १६ टक्क्यांनी हप्ता ७,०३० वरून ४,८६४ वर येतो. एकूण व्याज वाढते, हे काका लपवत नाहीत. मुदत वाढवून मागणे हा हक्क नव्हे, विनंती आहे. मान्य झाली तरी पतअहवालात पुनर्रचनेची नोंद होते. पण विनंतीला वेळ असते. “९० दिवस थकलं की खातं एनपीए,” काका सांगतात. “त्याच्या आधी आलेला माणूस शाखेला ग्राहक वाटतो. नंतर आलेला फाइल वाटतो. लोक उलटं करतात. हप्ता चुकेपर्यंत तोंड लपवतात आणि वसुलीवाला दारात आला की शाखेत धावतात. गेल्या १२ महिन्यांच्या कमाईचा कागद, देण्यांची यादी आणि ‘मला इतकं जमेल’ हा आकडा, एवढं घेऊन आधी या.”

“आणि अर्जाची पोच घ्या,” वकीलबाई जोडतात. “तोंडी ‘बघू’ला अर्थ नसतो.”

गटाच्या कर्जाबाबत नियम थोडा कर्जदाराच्या बाजूचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२च्या सूक्ष्मवित्त निर्देशांनुसार असे कर्ज वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला बिनतारण मिळते. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाऊ नयेत अशी अट आहे. मुदतीआधी फेडले तर दंड नाही आणि परतफेडीचे वेळापत्रक कर्जदाराच्या सोयीने ठरवायचे आहे. नमुन्यातल्या घराचे उत्पन्न मुळात ३ लाखांच्या वर. फॉर्म भरणाऱ्याने ते कमी लिहिले असणार. हप्ते उत्पन्नाच्या निम्मे नाहीत, जवळजवळ सगळे उत्पन्न गिळणारे आहेत. तरी हे कर्ज वेळेवर फेडायचे यावर दोघांचे एकमत आहे, कारण इथे हप्ता चुकला की गटातल्या शेजारणींना बोल लागतो.

सोन्यावर मात्र ठिणगी पडते.

“सोनं मोडा,” काका म्हणतात. “१,२०,००० तारण आहे, आजच्या भावानं डाग २,२०,००० चा आहे. मोडला तर तारण फिटून लाखभर उरतील. त्यात सावकाराचे ५०,००० आणि ॲपांचे ४५,००० एका दिवसात बंद. महिन्याला १२,७०० ची मागणी गेली. यापेक्षा सोपं गणित नाही.”

“गणित सोपं आहे. डाग कोणाचा?”

“घराचा.”

“घराचा नाही, काका. बाईचा आहे. स्त्रीधन ही बायकोचीच मालमत्ता, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ सालीच प्रतिभा राणी प्रकरणात सांगितलंय. तारण ठेवताना तिला विचारलं होतं का?”

काका इथे थोडे थांबतात. शाखेत सोनेतारणाच्या अर्जावर नवऱ्याची सही आणि शेजारी उभी असलेली गप्प बाई हे चित्र त्यांनी पुष्कळ वेळा पाहिलेले आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० या बाबतीत वाचण्यासारखे आहे. न्यायालयाच्या हुकूमनाम्यातही काही वस्तूंवर जप्ती आणता येत नाही : अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, आणि धार्मिक रिवाजाप्रमाणे स्त्रीला दूर करता येत नाहीत असे दागिने. गलाईवाल्याची मूस आणि सांडशी, त्याच्या बायकोचे मंगळसूत्र या यादीत बसतात. मात्र हे संरक्षण जप्तीपुरते आहे. स्वतःहून तारण ठेवलेल्या सोन्याला ते लागू नाही. न्यायालय ज्याला हात लावणार नाही ते माणूस स्वतःच्या हाताने काउंटरवर नेऊन ठेवतो.

शेवटी वकीलबाई डाग मोडायला विरोध करत नाहीत. निर्णय बाईने, आकडे समोर ठेवून घ्यावा एवढीच त्यांची अट आहे. नमुन्यातल्या बाईने मंगळसूत्र आणि एक जोड राखून तारणातला डाग मोडायला होकार दिला असे धरू. कारागीर स्वतः टंच काढणारा असल्याने भावात फसण्याची भीती नाही. तारण सुटते, सावकार आणि ॲपे बंद होतात, ५,००० हातात राहतात.

सावकाराला पैसे देताना काळजी घ्यावी लागते. दिल्लीत पंजाबचा १९३८चा सावकार नोंदणी कायदा लागू आहे. परवाना नसलेल्या सावकाराचा दावा न्यायालयात टिकत नाही. म्हणून असा सावकार दावा लावतच नाही. सुरुवातीलाच सही केलेले कोरे चेक घेऊन ठेवतो आणि बिनसले की वटवायला टाकतो. कर्ज न फेडणे हा गुन्हा नाही, पण चेक न वटणे हा परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली गुन्हा होऊ शकतो : चेक परत आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायची संधी, तेही न झाल्यास फिर्याद, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून पैसे एका हाताने द्यायचे तर दुसऱ्या हाताने चेक परत घ्यायचे, आणि रक्कम बँकेतून द्यायची.

मराठी माणसाला हे नवे नाही. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली तेव्हा त्यांना हवी होती ती खते आणि रोखे. तीच त्यांनी जाळली. त्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि रोख्यावर लिहिलेल्या आकड्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. १९१८च्या अतिव्याज कर्ज कायद्याने तो विचार देशभर नेला आणि तो दिल्लीतही आहे. बँकांना मात्र १९८४ पासून यातून वगळले आहे. बँकेचे व्याज जास्त आहे एवढ्या कारणाने न्यायालय तो व्यवहार उकलून पाहू शकत नाही. सावकाराचे ६० टक्के न्यायालय तपासू शकते आणि कार्डाचे ४२ टक्के नाही, अशी ही उलटी परिस्थिती आहे.

ॲपांचे दोन प्रकार असतात आणि ते वेगळे ओळखणे फार महत्त्वाचे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२२ पासूनच्या डिजिटल कर्ज नियमांनुसार रक्कम थेट कर्जदाराच्याच खात्यात यायला हवी, वर्षाचा एकूण खर्च दाखवणारे तथ्यपत्रक आधी मिळायला हवे, आणि ठरावीक दिवसांत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा खर्च देऊन कर्ज परत करण्याची सोय हवी. नोंदणीकृत कर्जसंस्थांशी जोडलेल्या ॲपांची यादी रिझर्व्ह बँकेने २०२५ पासून जाहीर ठेवली आहे. यादीत नसलेले, फोनमधले सगळे नंबर उचलणारे आणि फोटो पाठवून धमकावणारे ॲप कर्ज देणारे नसून खंडणी उकळणारे असते. त्याची तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर करायची.

वसुलीच्या फोनबद्दल काका बचाव करत नाहीत. ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकानुसार वसुली एजंटाने सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७च्या नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास द्यायचा नाही. मोडल्यास आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते न पटल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, विनामूल्य. चौकशीचा क्रमांक १४४४८.

“आणि तुरुंगाची भीती?” वकीलबाई स्वतःच विचारून स्वतःच उत्तर देतात. “१९८०चा जॉली जॉर्ज व्हर्गीस खटला. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ऐपत नाही म्हणून फेडता येत नाही, एवढ्यावर दिवाणी हुकूमनाम्यात माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही. ऐपत असून लबाडीनं टाळत असेल तर वेगळं. आणि पैशांच्या हुकूमनाम्यात बाईला अटक करताच येत नाही.”

“हे सांगून तुम्ही लोकांना बुडवायला शिकवता.”

“नाही काका, झोपायला शिकवते. झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामाला जातो. जागा राहिलेला तिसरं ॲप उघडतो.”

“मग तीन वर्षं गप्प बसून मुदत टळू द्या असंही सांगाल.”

“मुदत कायद्यात तीन वर्षं आहे, ते सांगते. वाट पाहा असं सांगत नाही. पण एजंटानं पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर सही करू नका, हे नक्की सांगते. मुदतीच्या आत लेखी कबुली दिली की ती तीन वर्षं पहिल्यापासून सुरू होतात, हे सही करणाऱ्याला कळायला हवं की नको?”

तडजोडीबद्दल दोघांची मते टोकाची आहेत. थकलेले कर्ज कमी रकमेत मिटवण्याला रिझर्व्ह बँकेची जून २०२३ची चौकट आहे, आणि राष्ट्रीय लोकअदालतीत अशा तडजोडी होतात. तिथला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. काकांच्या मते पतअहवालात ‘बंद’ आणि ‘तडजोडीने मिटवले’ यांतला फरक आयुष्यभर महाग पडतो. वकीलबाईंच्या मते ज्याच्याकडे द्यायला एकरकमी पैसाच नाही त्याला तडजोडीचे आमिष दाखवणे हीच फसवणूक. ‘तुमचे कर्ज निम्म्यात मिटवून देतो’ म्हणून आगाऊ फी घेणाऱ्या मध्यस्थांच्या दारात जाऊ नये, याबाबत मात्र दोघांचा सूर एक. नमुन्यातल्या घरात एकरकमी पैसा सोन्यातून आला होता आणि तो सावकार व ॲपांत गेला, त्यामुळे तडजोडीचा प्रश्न इथे उद्भवत नाही.

नादारीचा मार्ग कायद्याच्या पुस्तकात आहे. २०१६च्या दिवाळखोरी संहितेत गरीब कर्जदारासाठी ‘नवी सुरुवात’ नावाची सोय लिहिली आहे : वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, देणी ३५,००० पर्यंत. आकडे पाहिले तरी ती कोणाच्या उपयोगाची हे कळते. सामान्य व्यक्तींसाठीचा हा भाग अजून लागूच केलेला नाही, म्हणून दिल्लीत १९२०च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली अर्ज करावा लागतो. ५०० रुपयांपासूनच्या देण्यासाठी तो करता येतो, मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते, आणि वर्षे जातात. वकीलबाई तो क्वचितच सुचवतात.

आता उरलेला हिशेब. बँक ४,८६४, कार्ड ३,२५४, गट २,४००. भिशीचे उरलेले ४०,००० देणे आहेच. भिशी चालवणारी बाई ओळखीची आहे. ५,००० ऐवजी २,५०० करून १६ महिने मागितले तर बहुधा मिळतात, कारण पैसे बुडण्यापेक्षा उशिरा येणे सगळ्यांना परवडते. एकूण १३,०१८. हाती १०,०००. तीन हजार कमीच पडतात, आणि इथे कोणतीही युक्ती शिल्लक नाही : ते खर्चातून काढायचे किंवा कमवायचे. नमुन्यातल्या घरात चार मोबाइलांची रिचार्जे दोनावर आली आणि बाईने शेजारच्या दोघांचे डबे घेतले, असे धरून ते भरले आहेत.

“आणि डबे बंद पडले तर?” वकीलबाई विचारतात. “चुकायचंच असेल तर आधी काय चुकवायचं हे आजच ठरवून ठेवा. कार्ड. मग बँक. भाडं आणि गट शेवटपर्यंत नाही.”

“चुकवायची यादी मी करणार नाही,” काका म्हणतात. ते शेवटपर्यंत करत नाहीत.

सगळ्यात मोठा वाद नोव्हेंबरचा. त्या महिन्यात कमाई आणि डबे मिळून ६१,००० येतात, खर्च आणि हप्ते ३५,०००, उरतात २६,०००. काकांचा हात लगेच कार्डाकडे जातो. वकीलबाई पितृपक्ष दाखवतात. तळातल्या तीन महिन्यांत डब्यांसह सरासरी २०,००० येतात आणि ३५,००० लागतात, म्हणजे तीन महिन्यांत ४५,००० कमी पडणार. नोव्हेंबरचे २६,००० कार्डात टाकले तर महिन्याला ३९० रुपये व्याज वाचते. तळातल्या एका महिन्यात कमी पडलेले १५,००० पुन्हा सावकाराकडून आणले तर महिन्याला ७५० जातात, आणि कोरा चेक पुन्हा त्याच्या कपाटात. महाग व्याज आधी, हा काकांचाच नियम लावला तरी पैसा आधी राखून ठेवायला हवा. काकांना हे पटते. तेवढ्यापुरते.

“पण ठेवणार कुठं?” ते विचारतात, आणि उत्तरही त्यांच्याचकडे असते. कर्ज असलेल्या बँकेत नाही. तिथल्या ठेवीतून बँक आपले येणे वळते करून घेऊ शकते. दुसऱ्या बँकेत, कार्ड नसलेल्या, यूपीआय न जोडलेल्या खात्यात, बायकोच्या नावे. आधी ४५,००० तिथे जमतात. त्यावर जे येईल ते कार्डात.

भिशी १६ महिन्यांत संपते आणि महिन्याची मागणी १०,५१८ वर येते. गट २१व्या महिन्यात सुटतो आणि ती ८,११८ होते. तिथून पुढे घराच्या हाती डब्यांशिवायही पहिल्यांदा हप्त्यापेक्षा जास्त उरते. प्रत्येक कर्ज संपले की ‘काही देणे नाही’चे पत्र घ्यायचे, आणि महिन्याभराने पतअहवाल पाहायचा, देशातल्या चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा तो फुकट देतात. नोंद चुकीची असेल तर तक्रार करायची, आणि ३० दिवसांत निवारण झाले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम २०२४ पासून आहे. विधी सेवेचा क्रमांक १५१०० आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मेहुण्याचे ६०,००० कोणत्याही पतअहवालात नाहीत, त्यांना व्याज नाही आणि त्यांच्यासाठी फोनही येत नाही. काकांच्या यादीत ते शेवटी होते, वकीलबाईंच्याही. ३७व्या महिन्यात कार्ड संपलेले असते. तेव्हापासून कार्डाचे तेच ३,२५४ रुपये मेहुण्याकडे वळवले तर १९ हप्त्यांत, म्हणजे ५५व्या महिन्यात, तो मोकळा होतो. बँकेचा शेवटचा हप्ता त्यानंतर पाच महिन्यांनी जातो.